तीन मतं कमी पडली

मंडळी, सुरुवात एका मतमोजणीने करतो. १ मार्च २००३, शनिवार. गाव अंकारा. अमेरिका इराकवर हल्ला करायच्या तयारीत होती आणि तुर्कस्तानच्या संसदेपुढे ठराव होता: अमेरिकेच्या सुमारे ६२ हजार सैनिकांना आपल्या भूमीवरून उत्तर इराकमध्ये जाऊ द्यायचं का? आत दारं लावून चर्चा चालली होती, बाहेर शहरात हजारो माणसं युद्धाच्या विरोधात रस्त्यावर उतरली होती. मग आकडे आले. बाजूने २६४, विरोधात २५०. ठराव मंजूर झाला असंच आधी वाटलं, तशा बातम्याही सुटल्या. तेवढ्यात विरोधकांनी हरकत घेतली: १९ जण तटस्थ आहेत, त्यांचं काय? तिथली राज्यघटना सांगते की, हजर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत. हजर होते ५३३. म्हणजे हवी होती २६७. तीन मतं कमी पडली आणि ठराव पडला.

या तीन मतांपाशी मी जरा थांबणार आहे. सत्ताधारी पक्षाकडे ५५० पैकी साडेतीनशेहून जास्त जागा होत्या. पंतप्रधान अब्दुल्ला गुल यांच्याच सरकारने ठराव आणला होता. २००१ च्या आर्थिक संकटातून देश अजून सावरत होता आणि होकाराच्या बदल्यात अब्जावधी डॉलरची मदत समोर ठेवलेली होती. रणगाडे भरलेली अमेरिकी जहाजं तुर्की किनाऱ्याजवळ वाट बघत उभी होती. तरी सत्ताधारी बाकांवरचेच कितीतरी खासदार फुटले. का फुटले? तर गावाकडे गेलं की लोक काय विचारतात, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हाच्या चाचण्यांत दहातले नऊ तुर्क युद्धाच्या विरोधात होते. त्यांचा हा विरोध तत्त्वाचा होताच, पण नुसता तत्त्वाचा नव्हता. १९९१ चं आखाती युद्ध त्यांनी दारात सोसलं होतं. इराकशी चालणारा व्यापार बसला, तेलाची पाइपलाइन बंद पडली, सरहद्दीवरच्या ट्रकवाल्यांचा धंदा बुडाला, आणि थंडीत डोंगर ओलांडून लाखो कुर्द निर्वासित सीमेवर आले. ज्याने हे पाहिलंय, त्याला युद्धाचा खर्च कुणी समजावून सांगावा लागत नाही.

ती जहाजं पुढे सुएझमार्गे कुवेतकडे वळवावी लागली. युद्ध थांबलं नाही, हे खरं. २० मार्चला ते सुरू झालंच. पण आपल्या घराचं दार उघडायचं की नाही, हे त्या लोकांनी ठरवलं.

आता स्पेनकडे बघा. तिथेही विरोध तसाच, किंबहुना जास्तच. फेब्रुवारी २००३ मधल्या सरकारी संस्थेच्याच पाहणीत ९१ टक्के लोक युद्धाच्या विरोधात निघाले. १५ फेब्रुवारीला माद्रिद आणि बार्सिलोना माणसांनी फुलून गेली. रात्री लोक बाल्कनीत यायचे आणि पळीने पातेली बडवायचे. स्वयंपाकघरातली भांडी घेऊन सरकारला जागं करणं! मला या माणसांबद्दल फार आपुलकी वाटते. पण पंतप्रधान आस्नार यांच्या पक्षाकडे ३५० पैकी १८३ जागा होत्या आणि पक्ष जागचा हलला नाही. १६ मार्चला आस्नार अझोर्स बेटांवर अमेरिकेचे अध्यक्ष बुश आणि ब्रिटनचे पंतप्रधान ब्लेअर यांच्या शेजारी उभे होते. लोकमत दोन्हीकडे सारखंच. अंकारात ते खासदाराच्या हातापर्यंत पोचलं, माद्रिदमध्ये बाल्कनीतच राहिलं.

आपल्याकडेही अमेरिकेने इराकसाठी सैन्य मागितलं होतं, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. एप्रिल २००३ मध्ये आपल्या संसदेने या युद्धाविरुद्ध ठराव केला, तेव्हा कोणता शब्द वापरायचा यावर बरीच ओढाताण झाली आणि शेवटी हिंदीतला 'निंदा' हा शब्द घेतला गेला. लोकसभेचे अध्यक्ष तेव्हा आपले मनोहर जोशी होते. पुढे १४ जुलैला वाजपेयी सरकारने सैन्य पाठवणार नसल्याचं सांगितलं. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला होता, आजही वाटतो.

राहता राहिला ब्रिटन. तिथलं लोकमत समजायला सगळ्यात अवघड. १५ फेब्रुवारीला लंडनमध्ये लाखो लोक चालले. पण संयुक्त राष्ट्रांची परवानगी असेल तर, असं विचारलं की तिथले बरेच लोक युद्धाला तयार असायचे. ती अट काढली की पाठिंबा घसरायचा. १७ मार्चला मंत्री रॉबिन कुक यांनी युद्धाला विरोध म्हणून मंत्रिपदाचा राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मान्यता दिली. आणि सैन्य एकदा लढायला लागल्यावर लोक सरकारच्या बाजूला सरकले. आपली पोरं तिकडे वाळवंटात असताना चुकीच्या कामाला पाठवलीत म्हणायला जीभ रेटत नाही. याला मी ढोंग म्हणणार नाही. आई-बाप असंच वागतात.

यूगव्ह नावाची संस्था तिथे चाचण्या घेते. २००३ सालच्या तिच्या २१ चाचण्यांची सरासरी काढली, तर ५४ टक्के लोक युद्धाला योग्य म्हणत होते. २०१५ साली त्याच संस्थेने विचारलं, तेव्हा तुमचं मत काय होतं? युद्धाच्या बाजूने होतो असं म्हणणारे ३७ टक्के भरले. म्हणजे शंभरातल्या सतरा जणांचा हिशेब लागत नाही. ती माणसं खोटं बोलली असं मला वाटत नाही. बारा वर्षांत इराकमधून जे काही ऐकलं, पाहिलं, त्यानंतर आपण कधीतरी त्याला हो म्हटलं होतं, हे त्यांना खरोखरच आठवत नसावं.