खोका मागून आणा, टेप मात्र विकत घ्या

नमस्कार श्रोतेहो. घरबसल्या ऑनलाइन काहीतरी विकणारे तुमच्यात बरेच जण असणार, कुणी गोधड्या, कुणी जुनी पुस्तकं, कुणी माझ्यासारख्या रंगवलेल्या पणत्या. आज बोलायचंय ते पॅकिंगच्या खर्चाबद्दल.

माझी पहिली मोठी ऑर्डर नागपूरची, दोन डझन पणत्या. मी हौसेने नवा कोरा मोठा खोका आणला, बबल रॅप आणला, बाहेरून एकदम छान दिसत होतं, आणि तिकडे पोचेपर्यंत त्यातल्या नऊ फुटल्या. त्या ताईंनी नुसता फोटो पाठवला, एका शब्दाने रागावल्या नाहीत, पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही. चूक माझीच होती. खोका मोठा, आत जागा मोकळी, मग पणत्या रस्ताभर एकमेकींवर आपटत गेल्या.

तेव्हापासून मी आधी माप बघते आणि मग खोका शोधायला निघते, कारण मोठ्या खोक्याचा मार दुसरीकडूनही बसतो. बऱ्याच कुरियर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि त्याला 5000 ने भागतात, येईल ते किलो, आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त भरलं तर पैसे त्याचे लावतात. म्हणजे 40 बाय 30 बाय 30 चा खोका असेल तर आत दोन किलोचा माल असला तरी 7.2 किलोचे पैसे. तोच माल 30 बाय 20 बाय 15 मध्ये बसला तर हिशोब 1.8 किलोवर येतो, मग खरं वजन दोन किलो तेच धरतात. फुकट मिळालेला मोठा खोका असा महाग पडतो.

आता खोके मिळतात कुठे? मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते मेडिकलचं दुकान. सलाइनच्या बाटल्यांचे खोके जाड असतात, सिरपचे खोके छोटे, सुटसुटीत, आत कधीकधी पुठ्ठ्याचे कप्पेसुद्धा असतात आणि पणत्या, कप असल्या मालाला ते कप्पे म्हणजे सोनं. किराणावाल्यांकडे बिस्किटांचे खोके भरपूर, पण पातळ, ते कपड्यांना चालतात. साबणाच्या खोक्याला वास राहतो, तो खायच्या वस्तूला अजिबात घेऊ नका.

एक गोष्ट मनापासून सांगते. दुकानदार हे खोके टाकून देत नाहीत हो, रद्दीवाल्याला किलोवर विकतात, त्याचे त्यांना पैसे येतात. म्हणून मी आमच्या मेडिकलवाल्या काकांना पहिल्याच दिवशी म्हटलं, काका, रद्दीवाला देतो तोच भाव मी देते, फक्त पाय देऊन चपटे करू नका. ते हसले, पैसे घेतलेच नाहीत, आणि आता माल उतरला की स्वतः फोन करतात. आपण विचारतो कसं यावर खूप असतं. गर्दीच्या वेळी काउंटरवर जाऊन खोके मागू नका, दुपारी जा.

खोक्यावर बाहेर औषधाचं नाव नको असेल तर जोडाच्या पिना पकडीने काढा, खोका उलटा करून आतली बाजू बाहेर घ्या आणि जोड परत चिकटवा, अगदी साधा खाकी खोका तयार. जुनं लेबल किंवा बारकोड राहू देऊ नका, स्कॅन करताना घोळ होतो.

आत भरायला काय? आपल्याकडे हापूसच्या पेटीत भाताचा पेंढा घालायची पद्धत आहेच, आंबा कोकणातून मुंबईला पोचायचा तो त्याच पेंढ्यात. तुमच्या ओळखीत कुणाची शेती असेल तर पेंढा मागा, पण कडकडीत वाळलेला, ओलसर असला तर बुरशी येते. शिंप्याकडची कात्रणं, झेरॉक्सच्या दुकानातले वाया गेलेले कागद, फळवाल्याकडची सफरचंदाखालची कागदी ट्रे, हे सगळं चालतं. कागद चुरगाळून घट्ट भरा, नुसता घडी घालून ठेवला तर दबतो आणि परत जागा होते. चकली, लाडू, मसाले पाठवणाऱ्यांनी मात्र वर्तमानपत्राचा कागद खाद्यपदार्थाला लागू द्यायचा नाही, शाईमुळे त्याला नियमानेच मनाई आहे.

पैसे घालायचे ते टेपवर. दोन इंची ब्राउन टेप चांगल्यातली घ्या, पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत होलसेलमध्ये स्वस्त पडते, दोघीतिघींनी मिळून बॉक्स घेतला तर अजून बरं. मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही कडांना आडव्या, वर खाली दोन्हीकडे. जुन्या खोक्याचा तळ आधीच दमलेला असतो, तिथे दोनदा लावा.

पावसाळ्यात खोके जमिनीवर रचू नका, पुठ्ठा ओल धरतो आणि मऊ पडतो, वरून कोरडा दिसला तरी. मी ते माळ्यावर ठेवते आणि वापरायच्या आधी कोपरा अंगठ्याने दाबून बघते, दबला तर रद्दीत.

आणि टेप मारायच्या आधी झाकण हाताने दाबून धरून खोका कानाजवळ नेऊन हलवा. आतून जरासा जरी आवाज आला तर उघडा आणि अजून कागद भरा. नमस्कार.