टेस्ट लाल कधी होते?

[क्लोज-अप: आयफोन ७. ‘नोंदणी करा’ या बटणावर अंगठा.]

पुन्हा एकदा बघा. अंगठा दाबला, आणि काही नाही. फॉर्म जागचा हलत नाही.

हाच फॉर्म लॅपटॉपवर क्रोममध्ये चालतो, फायरफॉक्समध्ये चालतो, नव्या सफारीतही चालतो. पण हा फोन आयओएस १५ च्या पुढे जात नाही, आणि आयफोनवर नवी सफारी येते ती आयओएसबरोबरच. पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये मोबाईल नंबर तपासणारी एक ओळ आहे. तिच्यात रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं, म्हणजे मजकुराचा साचा जुळवणाऱ्या सूत्रातलं, ‘लुकबिहाइंड’ वापरलंय: आधी काय आलंय ते मागे वळून बघणारी खूण. सफारीला ते कळायला लागलं १६.४ पासून, म्हणजे मार्च २०२३ पासून. त्याआधीची सफारी ही ओळ दिसली की अख्खी फाईलच नाकारते. या फोनवर क्रोम टाकूनही उपयोग नाही, कारण भारतातल्या आयफोनवरच्या क्रोमच्या पोटात सफारीचंच वेबकिट असतं, म्हणजे पान पडद्यावर उभं करणारं इंजिन.

चूक आम्हीच पेरलीय. ट्रेकच्या नोंदणीचं हे पान तालमीसाठी बनवलंय आणि त्याच्या दोन प्रती आहेत: एक धडधाकट, एक मुद्दाम बिघडवलेली. परीक्षा पानाची नाही. ती आहे एका एआय सहायकाची, खरं तर पान वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये कसं तपासायचं हे सांगणाऱ्या, त्याला दिलेल्या ‘स्किल’ची.

[स्क्रीन: एक फोल्डर उघडतो.]

स्किल म्हणजे हा एवढा फोल्डर. आत ‘स्किल डॉट एमडी’ नावाची साध्या मजकुराची फाईल. वर नाव आणि थोडक्यात वर्णन, खाली कामाची रीत: कोणती इंजिनं तपासायची, कशाची वाट बघायची, अहवालात काय लिहायचं. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये ही पद्धत आणली. सहायक सुरुवातीला फक्त नाव आणि वर्णन वाचतो. हातातलं काम त्यात बसतंय असं वाटलं, तरच बाकीचं उघडतो.

म्हणून पहिली परीक्षा त्या वर्णनाची. ‘आयफोनवर बटण दाबलं जात नाही’ एवढंच लिहिलं तरी स्किल उघडायला हवी. ‘क्रॉस-ब्राउझर’ हा शब्द कोणी उच्चारणार नाही. आणि ‘हा फोटो लहान करून दे’ म्हटलं तर तिने गप्प राहावं.

[जुन्या पानाचं चित्र: निळ्या दुव्यांची रांग, खाली सूचना.]

‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल.’ ही पाटी आठवते? ब्राउझर तुम्ही बदला, पान नाही. टेस्टिंगवाल्यांनी यावर उतारा शोधला तो २००४ मध्ये, शिकागोत. थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स यांनी सेलेनियम लिहिलं: ब्राउझर आपोआप चालवून पान तपासणारं साधन. नावात खोडी आहे: तेव्हा या धंद्यातली मोठी कंपनी होती मर्क्युरी, आणि सेलेनियम हा पाऱ्याच्या विषावरचा उतारा मानला जातो. पुढे त्यात मिसळलेला वेबड्रायव्हर २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं प्रमाण झाला. २०२० मध्ये याच कामाचं मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं. १५ जून २०२२ ला एक्सप्लोरर निवृत्त झाला. पाटी मात्र काही ठिकाणी अजून आहे.

[तीन खिडक्या शेजारी शेजारी.]

हे प्लेराइट. डावीकडे क्रोमचा पाया असलेलं क्रोमियम, मध्ये फायरफॉक्स, उजवीकडे वेबकिट. तीन खिडक्या, तीन इंजिनं. क्रोम आणि एज मिळून दोन होत नाहीत. दोघांच्या आत ब्लिंक हे एकच इंजिन. स्किल नसताना सहायकाने एकदा नेमकी हीच जोडी ‘दोन ब्राउझर’ म्हणून मोजली.

मागणी तीच ठेवायची. एकदा स्किलसह, एकदा स्किलशिवाय. दर वेळी कोरी पाटी, आणि हे बरेचदा करायचं, कारण सहायक दोनदा सारखं उत्तर देत नाही.

[टर्मिनल: हिरव्या खुणा एकामागून एक.]

सुंदर दिसतं ना? सगळं हिरवं, म्हणजे सगळं पास, आणि तेही बिघडवलेल्या प्रतीवर.

सहायकाने लिहिलेला टेस्टचा कोड वर सरकवू. इथे थांबू. ‘वेबकिट असेल तर ही टेस्ट वगळा.’ साहेब तपासणीला येणार त्या दिवशी कच्च्या पोरांना घरी बसवायचं, तसलाच प्रकार. आणखी खाली: उत्तर येईना म्हणून पाच सेकंदांची झोप घातलीय. त्याखाली स्क्रीनशॉटमधल्या फरकाची मर्यादा इतकी सैल केलीय की बटण गायब झालं तरी चालेल.

म्हणून आम्ही हिरवं मोजत नाही. धडधाकट प्रतीवर टेस्ट पास व्हायला हवी, आणि बिघडलेल्या प्रतीवर फेल, म्हणजे लाल, तीही नेमक्या त्या जागी. दोन्ही जमलं तरच गुण.

[शीर्षकावर झूम: ‘सह्याद्रीतल्या दऱ्या’.]

या शब्दाजवळ आम्ही जास्त रेंगाळलो. दऱ्या. अर्धचंद्री र चुकला तर ‘दर्या’ होतो आणि सह्याद्रीत समुद्र येतो. हा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: ऱ ला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, मजकूर जुळवणाऱ्या टेस्टला मात्र वेगळे. शिवाय पानाची भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, अशी नोंदवली नाही, तर फॉन्टमध्ये सोय असूनही पाकळीचा ल आणि देठाचा श येत नाही. स्किलच्या पहिल्या मसुद्यात देवनागरीचं एक अक्षरही नव्हतं. सगळी उदाहरणं ‘हॅलो वर्ल्ड’ची. आता त्यात दऱ्या आहेत, सुऱ्या आहेत, तऱ्हाही आहे.

दरम्यान, जुना फोन हातात असलेल्याची ट्रेकमधली जागा जाते.

[पुन्हा टर्मिनल.]

स्किलमध्ये दोन ओळी वाढवल्या. टेस्ट वगळायची तर कारण लिही. जे तपासता आलं नाही, ते अहवालात सगळ्यात वर लिही. दुसरी ओळ का, तर प्लेराइट फोनची नक्कल करतं तेव्हा पडद्याचा आकार मिळतो, पण खऱ्या फोनवर सरकणारी पत्त्याची पट्टी नसते. तिच्याखाली दडलेलं बटण तिथे दिसणार नाही. आणि प्लेराइटचं वेबकिट नवं असतं, त्यामुळे लुकबिहाइंडवर ते अडत नाही.

बिघडवलेली प्रत. नवी फेरी. अहवाल वर येतोय:

‘वेबकिटवर फॉर्म जातो. नंबर तपासणारी ओळ सफारी १६.४ च्या आधी चालणार नाही; हे कोडवरून सांगतोय, चालवून पाहिलेलं नाही. जुना आयफोन जोडा.’

खाली शीर्षकाची ओळ लाल: ‘दऱ्या’ जुळत नाहीत.

[केबल आयफोन ७ मध्ये जाते. पडदा उजळतो.]