रोजची वीस मिनिटं

(दृश्य: बेसमेंट. एकच टेबललॅम्प. पिनबॉल मशीनची काच काढलेली, खेळाची फळी उचलून आधाराच्या दांडीवर टेकवलेली. खाली तारांचं जंजाळ.)

रात्रीचे पावणेदहा. शिकागोजवळचं नेपरव्हिल. मुलं झोपली, उद्याचे डबे भरून झाले, सासूबाईंची रात्रीची गोळी देऊन झाली. सव्वादहाला दिवा बंद करायचा हे ठरलेलं. अवजारं काढणं-ठेवणं धरलं तर हातात उरतात वीस मिनिटं.

पिनबॉल म्हणजे उतरत्या फळीवर पोलादी गोळी उडवत गुण मिळवायचा खेळ. हे मशीन १९८०च्या सुमाराचं. वजन शंभर किलोच्या वर. एका गॅरेजमध्ये बंद पडलं होतं, तिथून आणलं आणि चौघांनी मिळून जिन्यावरून खाली उतरवलं.

मी सांगलीची. वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. विहिरींवरचे पंप जळून यायचे आणि त्या जळक्या वॉर्निशच्या वासात मी गृहपाठ करायचे. इथे पहिल्यांदा एका पिनबॉल मशीनचं पोट उघडं पाहिलं, तेव्हा तोच वास आला. आत सगळ्या कॉइलच कॉइल. मला ते परकं वाटलंच नाही.

शिकागो म्हणजे पिनबॉलचं माहेर. गॉटलीब, बॅली, विल्यम्स या सगळ्या इथल्याच कंपन्या. १९४७ साली गॉटलीबनं ‘हम्टी डम्टी’ काढलं आणि खेळात विजेवर उडणारे फ्लिपर आले, म्हणजे बटण दाबलं की गोळी टोलवणारे छोटे दांडे. त्याआधी गोळी सोडायची, फार तर टेबलाला धक्का द्यायचा आणि बघत राहायचं. १९९२चं ‘द ॲडम्स फॅमिली’ वीस हजारांवर खपलं. त्यानंतर धंदा आटत गेला आणि १९९९मध्ये विल्यम्सनं पिनबॉल बनवणं थांबवलं. पण जुन्या मशीनचे रबर, कॉइल, स्लीव्ह आजही नवे मिळतात. म्हणून तर हा छंद जमतो.

(दृश्य: अगदी जवळून, उजव्या फ्लिपरची कॉइल आणि शेजारच्या, वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या पत्त्या.)

उजवा फ्लिपर मरगळलाय. गोळी वरच्या टोकापर्यंत पोचतच नाही.

या कॉइलवर दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची झटका देते. ऐंशी ग्रॅमची पोलादी गोळी उडवायची तर तेवढा जोर लागतोच. बारीक तारेची गुंडाळी, बोट बटणावर असेपर्यंत फ्लिपर वर धरून ठेवते. फ्लिपर वर पोचला की या दोन पत्त्या एकमेकींपासून सुटतात, वीज बारीक तारेतूनही जायला लागते आणि प्रवाह उतरतो. पत्त्या सुटल्या नाहीत तर कॉइल तापून जळते. आणि पत्त्यांवर काजळी बसली तर असं होतं, जोरच येत नाही.

म्हणून मशीनची पिन भिंतीतून काढायची आणि बारीक कानस फिरवायची. काजळी निघते, खालचा धातू चमकायला लागतो. मात्र ही कानस फक्त इथेच. फळीवरच्या इतर खटक्यांना सोन्याचा पातळ मुलामा असतो, कानस लावली की तो गेलाच. तिथे जाड कागदाची पट्टी पत्त्यांमध्ये धरून हलकेच ओढायची. मी माझ्या भावाच्या लग्नपत्रिकेची पाकिटं जपून ठेवली आहेत, त्यांचा कागद अगदी योग्य जाडीचा आहे.

सुरुवातीला मी उत्साहात सगळंच उघडून बसले होते. मग मुलाला ताप आला, ऑफिसात गडबड झाली, आणि तीन आठवड्यांनी खाली आले तेव्हा कुठला स्क्रू कुठला, काही आठवेना. तेव्हापासून एक शिस्त पाळते. एका बैठकीत मिटवता येईल तेवढंच उघडायचं. उघडण्याआधी फोटो. स्क्रू इडलीपात्राच्या खळग्यांत, काढले त्या क्रमानं. वहीत एक ओळ, उद्या कुठून सुरू करायचं त्याची. ती ओळ लिहिली नाही, तर दुसऱ्या दिवशीची निम्मी वीस मिनिटं आठवण्यातच जातात.

काही कामं मात्र वीस मिनिटांत बसत नाहीत.

(दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर हिरवट डाग पडलेला सर्किट बोर्ड.)

जुन्या बोर्डांवर खेळाचे आकडे लक्षात ठेवायला बॅटरीचे सेल बसवलेले असतात. सेल बदलायचे राहून जातात, ते गळतात आणि आतला क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. आमचा बोर्ड असाच खाल्लेला निघाला. तो बाहेर काढून मी वर आणला. सासूबाई तेव्हा नुकत्याच साताऱ्याहून आल्या होत्या. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या.

“अगं, हे तर कळकल्यासारखं झालंय. चिंच लावलीस का?”

त्यांचं बरोबरच होतं. क्षाराला आंबट हवं. मी पांढरं व्हिनेगर वापरलं, मग शुद्ध पाणी, मग अल्कोहोल, आणि दोन दिवस वाळवण. जुन्या टूथब्रशनं बोर्ड त्यांनीच घासला, देवाचे ताम्हन घासावं तसा, निगुतीनं. तुटलेल्या रेषा मी बारीक तार सोल्डर करून जोडल्या. नवे सेल आता बोर्डापासून लांब, वायर काढून खाली ठेवलेत. गळले तरी बोर्ड वाचेल.

माझा नवरा या कामात हात घालत नाही. पण मंगळवारी आणि गुरुवारी मुलांना तोच झोपवतो, न सांगता. दोन रात्री मोकळ्या मिळतात त्या त्याच्यामुळे.

एका गोष्टीची तडजोड मात्र झाली. जादा डाव मिळाला की मशीन नॉकर वाजवतं. आतल्या लाकडावर एक प्लंजर इतक्या जोरात आपटतो, की वरच्या मजल्यावर धाकटी दचकून उठते. त्यामुळे नॉकरची वायर मी काढून, टेप लावून ठेवली होती. सहा महिने मशीन मुकाट्यानं जिंकू देत होतं.

(दृश्य: दिवस. खिडकीतून बर्फाचा उजेड. स्टुलावर उभी चार वर्षांची मुलगी, दोन्ही हात बटणांवर.)

आज शनिवार, सकाळचे अकरा. कोणी झोपलेलं नाही. वायर परत जोडली आहे.

धाकटीला उजवा फ्लिपर जास्त आवडतो. गोळी वर जाते, वरच्या कप्प्यात थांबते, खाली येते, पुन्हा उडते. आकडे चढतायत. दादा शेजारी उभा राहून मोजतोय.

(आवाज: टॉक्!)

वर देवघरातून हाक येते.

“अगं, काय पडलं?”