चार सणांची यादी डिसेंबरात

[दृश्य: दुकानाची मागची खोली. लॉकर, टेबलफॅन, भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला छापील कागद. कॅमेरा हळूहळू कागदाजवळ जातो.]

हे मुंबईतल्या मॉलमधल्या एका दुकानाचं रोस्टर, म्हणजे कोणाची शिफ्ट कधी याचा तक्ता. वर तारखा, डावीकडे नावं, मधल्या चौकटींत अक्षरं. 'ओ' म्हणजे ओपनिंग, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. 'एम' म्हणजे मिड, बारा ते नऊ. 'सी' म्हणजे क्लोजिंग, दीड ते साडेदहा. 'डब्ल्यूओ' म्हणजे वीक ऑफ. २७ ऑगस्ट २०२५, बुधवार, या तारखेभोवती कुणीतरी लाल पेनाने गोल केलाय. गणेश चतुर्थी.

हा कागद भिंतीवर लागला गुरुवारी, २१ तारखेला. मॅनेजर आणि कर्मचाऱ्यांची वादावादी त्याच संध्याकाळी सुरू झाली.

[दृश्य: वहीत पेनाने चाललेली बेरीज-वजाबाकी. फक्त हात दिसतो.]

आकडे बघा. दुकानात माणसं चौदा. शनिवार-रविवारी कुणालाच ऑफ नाही, मॉलमधला हा सर्रास नियम. म्हणजे चौदा ऑफ सोमवार ते शुक्रवारात बसवायचे. रोज दोघं-तिघं सुट्टीवर, अकरा-बारा जण फ्लोअरवर. एरवी हे जमतं.

सणाच्या आठवड्यात वरून निरोप येतो, फ्लोअरवर रोज बारा हवेत. मग रोज दोनच ऑफ. पाच दिवसांचे झाले दहा, आणि माणसं चौदा. अजून एकानेही रजा मागितलेली नाही आणि चार जणांचा आठवड्याचा हक्काचा ऑफ आधीच गेलेला आहे. त्यात बुधवारसाठी सहा अर्ज येतात. जागा दोन.

वाद स्वभावाचा वाटतो. मॅनेजर खडूस, मुलं बेजबाबदार, असं दोन्हीकडून बोललं जातं. पण चौकट आधीच अपुरी होती, आणि ती आखताना या चौदांपैकी एकालाही विचारलं नव्हतं. ज्याच्या सहीने रजा मंजूर होते त्याचा इन्सेंटिव्ह त्याच आठवड्याच्या विक्रीवर ठरतो, हेही त्या कागदावर कुठे लिहिलेलं नसतं.

[दृश्य: दादर स्थानक, रात्र. फलाटावर ताडपत्रीत गुंडाळलेली मखरं, पिशव्या, झोपलेली मुलं. तुतारी एक्स्प्रेस लागते.]

कोकणात जाणाऱ्याची अडचण वेगळी. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. २६ ऑगस्टचं तिकीट २७ जूनला सकाळी आठला. रोस्टर लागलं २१ ऑगस्टला. मधे ५५ दिवस. तिकीट काढताना रजा मंजूर नसते, आणि रजेचं कळेपर्यंत तिकीट उरलेलं नसतं. म्हणून माणूस आधी तिकीट काढतो आणि मग रजा मागतो. मॅनेजरला ती अरेरावी वाटते.

त्यात या गाडीची एक खोच आहे. तुतारी दादरहून मध्यरात्रीनंतर सुटते. तिकिटावर तारीख २६, पण स्टेशनवर पोचायचं २५ च्या रात्री. रजेचा अर्ज '२६ पासून' असा जातो आणि २५ ला नेमकी क्लोजिंग लागते. शटर साडेदहाला पडतं, कॅश जुळवून, माल मोजून बाहेर पडायला सव्वाअकरा. दुकान मालाडला असेल तर दादरची लोकल पकडण्यातच जीव जातो, आणि सामान घरी असेल तर गाडी सुटलीच. अर्जातच लिहावं : 'रजा २६ पासून, २५ ला ओपनिंग शिफ्ट द्यावी.' मॅनेजरला हे देणं अवघड नसतं. आदल्या दिवशी मागितलं तर मात्र अवघड होतं.

[दृश्य: लोअर परळ. काचेच्या इमारतींच्या मधोमध जुन्या गिरणीची चिमणी. खाली खरेदीच्या पिशव्या घेतलेली माणसं.]

सुट्टीचं भांडण या परिसराला नवीन नाही. १८८४ मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या नावाने मागणीपत्र गेलं : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे तास सूर्यास्तापर्यंतच, पगार वेळेवर. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगार सभेला जमले. तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. मागणी लेखी होती, एकत्र होती, आणि नेमकी होती. आज ज्या जागेवर मॉल उभे आहेत तिथे तो हक्क आधीच मिळवून झालेला आहे. भिंतीवरच्या चार्टमध्ये तो दिसत नाही.

[दृश्य: सूचनाफलक. आगीच्या वेळी काय करावं, हरवलं-सापडलं, महिन्याचं टार्गेट. सुट्ट्यांची यादी नाही.]

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. त्याचं कलम १८ प्रत्येक कामगाराने एकदा तरी वाचावं. वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या. त्यातल्या चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या, आणि वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या.

म्हणजे चतुर्थी सुट्टी आहे की नाही, हे ऑगस्टमध्ये नव्हे, आदल्या डिसेंबरात ठरतं. बहुतेक दुकानांत डिसेंबरात अशी बैठक होतच नाही. मुख्य कार्यालयातून यादी येते, ई-मेलमध्ये राहते, आणि कामगारांनी ती मान्य केली असं धरलं जातं.

[दृश्य: १५ ऑगस्टची सकाळ. एस्केलेटरवर तिरंगी फुगे, 'फ्रीडम सेल'चे फलक, बिलिंगला रांग.]

ठरलेल्या चार दिवसांतले दोन, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट, हे सेलचे दिवस. दुकान उघडं ठेवायला कायद्याची ना नाही. पण त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट वेतन द्यायचं आणि शिवाय बदल्यात दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यायची. दोन्ही. पगार १८,२०० असेल आणि तो २६ दिवसांनी भागला, तर दिवसाचे ७००. त्या दिवसाचे १,४०० व्हायला हवेत, आणि वर एक सुट्टी.

प्रत्यक्षात 'कॉम्प ऑफ घे', म्हणजे बदली सुट्टी घे, एवढ्यावर भागवलं जातं. दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते. वीक ऑफला बोलावलं तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत मिळायला हवी. सणाच्या सुट्टीला बोलावलं तर दुप्पट वेतन आणि सुट्टी. पगाराच्या स्लिपमध्ये 'पीएच' म्हणजे सणाच्या सुट्टीचा रकाना रिकामा दिसला तर त्याच महिन्यात विचारावं. तीन महिन्यांनी त्या दिवशी कोण कामावर होतं यावरच वाद होतो.

[दृश्य: मोबाईलची स्क्रीन, ग्रुपवरचे संदेश. नावं पुसट केलेली. 'सर बुधवारी कोणी बदली घेईल का', खाली तीन अंगठे.]

अंगठा म्हणजे मंजुरी नव्हे. 'बघू', 'करू काहीतरी' हीही मंजुरी नव्हे. अदलाबदल कागदावर हवी : कोण, कोणाच्या जागी, तारीख, शिफ्ट, दोघांच्या सह्या, मॅनेजरची सही. कॅशियरची बदली कॅशियरशीच, नाहीतर बिलिंग अडकतं आणि अदलाबदल ऐनवेळी रद्द होते. क्लोजिंग घेणाऱ्याच्या गळ्यात दुसऱ्या दिवशीची ओपनिंग तर येत नाही ना, तेही बघावं. बदलापूर-विरारला राहणाऱ्याला मधे झोपायला चार-पाच तासही उरत नाहीत. आणि दोन आठवड्यांचे ऑफ पुढे-मागे सरकवताना सलग दहा-अकरा दिवस काम पडतं. ते कागदावर चटकन लक्षात येत नाही, बोटाने दिवस मोजावे लागतात.

रोस्टर लागलं की लगेच तारखेसकट फोटो काढावा. दुसऱ्या दिवशी तोच कागद बदललेला असू शकतो.

अर्जित रजेच्या बाबतीत कायद्यात १५ दिवस आधीच्या अर्जाचा उल्लेख आहे. तेवढी मुदत ठेवून ई-मेलने किंवा पोच घेऊन अर्ज करावा. रजा नाकारली तर नकारही लेखी मागावा. न सांगता दांडी मारली की चार्टवर 'ए' म्हणजे गैरहजेरी पडते, पगार कापला जातो. सणानंतर काहीजण नोकरीच सोडतात.

[दृश्य: दुसरं दुकान. भिंतीवर हाताने आखलेला तक्ता, नावांपुढे आकडे. एक मुलगी खडूने आकडा बदलते.]

इथे वेगळी पद्धत आहे. प्रत्येक सणाला गुण. चतुर्थी आणि लक्ष्मीपूजन तीन-तीन, ईद आणि नाताळ तीन-तीन, ३१ डिसेंबरची रात्र दोन. त्या दिवशी काम केलं की गुण जमा होतात, सुट्टी घेतली की वजा. पुढच्या वर्षी ज्याचे गुण जास्त, त्याची निवड आधी. सगळ्यांचे सण एका दिवशी येत नाहीत, म्हणून चौदा जणांत हे जमतं. गेल्या वर्षी कोण राबलं याची आठवण मॅनेजरच्या डोक्यात न राहता भिंतीवर राहते, आणि लाडक्यांचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो. गुण सगळ्यांनी मिळून ठरवायचे आणि मधेच बदलायचे नाहीत, एवढं पथ्य पाळावं लागतं.

[दृश्य: सौंदर्यप्रसाधनांचा काउंटर. ब्रँडचा गणवेश घातलेल्या मुली.]

या मुली दुकानाच्या पगारावर नाहीत. पगार एजन्सी देते, शिफ्ट दुकानाचा मॅनेजर लावतो, सुट्टी विचारली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. एजन्सीचं कार्यालय परराज्यात असेल तर तिच्या यादीत १ मे नसू शकतो. पण काम मुंबईत चालतं, म्हणून महाराष्ट्राचा कायदा धरायचा. अर्ज दोघांनाही एकाच ई-मेलने पाठवावा, म्हणजे टोलवाटोलवी लेखी दिसते.

[दृश्य: महापालिकेचं विभाग कार्यालय. खिडकी, फायली, आवक-जावकचा शिक्का.]

तक्रार महापालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याकडे करता येते. कामगार आयुक्तांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, कामगार भवनात आहे. आधी दोन गोष्टी तपासाव्यात. कामगारसंख्येची मर्यादा कायद्यात आहे, लहान दुकानं त्यातून सुटतात. आणि व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षी पदावरच्यांना तो लागू नाही. नावापुरतं 'असिस्टंट मॅनेजर' केलेल्याने आपण रोज प्रत्यक्ष काय काम करतो ते अर्जात लिहावं.

सोबत नेमणूकपत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, रोस्टरचे फोटो, रजेचा अर्ज आणि आलेलं उत्तर. 'सुट्टी देत नाहीत' एवढ्या एका ओळीवर चौकशी पुढे सरकत नाही. तारीख, शिफ्ट, त्या दिवशी मिळालेलं वेतन आणि बदली सुट्टी मिळाली की नाही, अशा चार रकान्यांचा तक्ता जोडावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा.