मुंबईच्या उकाड्यात प्रोसेसर किती तापलेला चालतो?

(टेबलावर कॅबिनेट, बाजूचं झाकण काढलेलं. मागे उघडी खिडकी, वर पंखा चालू.)

नमस्कार मंडळी. हा समोरचा पीसी माझ्या मावसभावाचा आहे. विक्रोळीला, कन्नमवार नगरात राहतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, घर त्यावरच चालतं. गेल्या मे महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "दादा, एक्सपोर्ट लावला की पीसी रखडतो. चाळीस मिनिटांच्या कामाला दोन तास लागतायत. दुकानात सांगितलं, वॉटर कूलर टाका. घेऊ का?"

मी म्हटलं, थांब. पैसे काढण्याआधी मला दोन आकडे सांग. प्रोसेसरचं तापमान किती, आणि तू बसलायस त्या खोलीचं किती?

पहिला आकडा त्याने लगेच सांगितला, तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअर उघडलेलंच होतं. शंभर. दुसऱ्यावर गप्प. खोलीचं तापमान सहसा कुणी बघतच नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

कूलर पंख्याचा असो की पाण्याचा, तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. त्याचं काम एवढंच, की प्रोसेसर हवेच्या किती वर चढेल हे आवरायचं. कूलरच्या चाचण्या बहुतेक २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी खोलीत ३३-३४ असतं. म्हणजे तोच प्रोसेसर, तोच कूलर, काहीही बिघडलेलं नाही, तरी तुमचा आकडा दहाएक अंशांनी जास्त येणार. त्यामुळे परदेशातल्या माणसाचा स्क्रीनशॉट बघून घाबरू नका. वजाबाकी करा. प्रोसेसर ७८, खोली ३३, फरक ४५. तुमच्या मशीनची तब्येत या फरकात दिसते.

"पण पंखा फुल आहे की," असं मला हमखास ऐकायला मिळतं. पंख्याखाली आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. हवा तेवढ्याच तापमानाची असते. प्रोसेसरला घाम येत नाही. पंख्याने कॅबिनेटमागे साठलेली गरम हवा थोडी पांगते, तेवढाच काय तो फायदा. एसी मात्र खोलीचा आकडाच खाली आणतो, म्हणून त्याचा फरक दिसतो.

आता भावाकडे वळू. त्याला दुसरा प्रश्न विचारला: एक्सपोर्ट सुरू केल्यावर शंभरला पोचायला किती वेळ लागतो?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून यावर जरा थांबतो. उष्णतेचा रस्ता असा आहे. नखाएवढी सिलिकॉनची चकती, तिच्यावर धातूचं झाकण, त्यावर उष्णता पुढे नेणारी पेस्ट, मग कूलरचा तळ, मग पातळ पत्र्यांमधून हवेत, कॅबिनेटमधून खोलीत. चकतीचं वजन नगण्य, म्हणून ती क्षणात तापते. कूलरचा धातू तापायला काही मिनिटं लागतात. बंद खोली तापायला अर्धा-पाऊण तास. म्हणून आकडा दोन-चार सेकंदांतच टोकाला गेला, तर उष्णता कूलरपर्यंत नीट पोचतच नाहीये. पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढला, तर कूलर ठीक आहे, हवा कोंडली आहे. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर याला अपवाद. पूर्ण ताकदीने चालताना ९५ अंशांपर्यंत जायचं, अशीच त्यांची रचना आहे. ते झटकन तिथे पोचले तरी काळजीचं नाही.

भावाचं उत्तर आलं, "दादा, बटण दाबलं की शंभर."

(कूलरची पिन जवळून दाखवायची.)

दुसऱ्या दिवशी विक्रोळीला गेलो. झाकण काढलं, कूलरला बोट लावलं, तर एका कोपऱ्यात डुगडुगत होता. या कूलरला चार पिना असतात, बोर्डाच्या भोकात टक् आवाज करत बसतात. त्यातली ही एक बसलीच नव्हती. एक कोपरा उचललेला, मध्ये हवेची फट. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४००, चांगल्या पेस्टची ५ ते १०, आणि हवेची फक्त ०.०२६. केसाएवढी फटसुद्धा प्रोसेसरला गोधडी पांघरल्यासारखी होते.

त्याच आकड्यांवरून पेस्टचंही कळतं. पेस्ट तांब्यापुढे कितीतरी मागे आहे. ती फक्त दोन धातूंमधल्या बारीक खड्ड्यांतली हवा हुसकावण्यासाठी असते. मटाराच्या छोट्या दाण्याएवढी मधोमध ठेवा, कूलरच्या दाबाने ती पसरते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, तिच्यावरच नवी लावू नका. आणि नवीन कूलरच्या तळाला प्लास्टिकचा कागद असतो, तो काढलाय ना, ते बघा. ज्यांच्याकडे जुन्या एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) रायझन आहे त्यांनी एक सांभाळा: कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट धरून ठेवते आणि प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो. आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर सोडवून हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सुटा करा.

आम्ही पिन बसवली, नवी पेस्ट लावली. खोली ३३, एक्सपोर्ट चालू, प्रोसेसर ७८. नवीन कूलर घ्यावाच लागला नाही.

ज्यांचा आकडा हळूहळू चढतो, त्यांच्याकडे बहुतेक दोन गोष्टी सापडतात. एक म्हणजे कॉम्प्युटर टेबलचा तो खालचा कप्पा, "सीपीयू ठेवायला" म्हणून सुतार करून देतो तो. तीन बाजूंनी प्लायवूड, पुढे दार. पीसी स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहतो. बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा. जागा नसते हे मला माहीत आहे, वन आरकेत वाढलोय मी. निदान त्या कप्प्याचं दार आणि मागचं प्लाय तरी काढा. खात्री करायची असेल तर काम चालू असताना कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडा. आकडा पाच-सात अंश उतरला, तर हवा कोंडत होती.

दुसरी म्हणजे धूळ. आपल्याकडची धूळ नुसती कोरडी नसते. शेजारी बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट, घरात फोडणीची वाफ, देवघरातला धूप; सगळं मिळून चिकट थर होतो आणि कूलरच्या पंख्याखालच्या पत्र्यांवर जाजम अंथरल्यासारखा बसतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो म्हणून फसू नका, पंखा काढून खाली बघा. प्लग काढून रंगाच्या नव्या ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा, पंख्याची पाती बोटाने धरून. मी एप्रिलमध्ये एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा करतो.

पावसाळ्यातल्या ओलीची भीती बऱ्याच जणांना वाटते. चालू प्रोसेसर आणि कूलर खोलीपेक्षा गरमच असतात, त्यांच्यावर दव धरत नाही.

आता एक उपाय, ज्याला एक रुपयाही लागत नाही आणि मुंबईसाठी मला तो सर्वात योग्य वाटतो: वॉट कमी करा, म्हणजे प्रोसेसर ओढतो ती वीज. प्रोसेसर आणि खोलीतला तो फरक म्हणालो ना, तो साधारण वॉटच्या प्रमाणात असतो. १०५ वॉटचा म्हणून विकला जाणारा रायझन प्रत्यक्षात १४२ वॉटपर्यंत घेतो. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, ६५ वॉटचा इको मोड लावला की मर्यादा ८८ वर येते. समजा १४२ वॉटला फरक ५५ आहे, तर ८८ ला अंदाजे ३४. खोली ३४ धरली, तर ८९ चे ६८ झाले. गेम खेळताना हा बदल बहुधा जाणवतही नाही. व्हिडिओ एक्सपोर्टला थोडा वेळ वाढतो. इंटेलवाल्यांनी बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ या वॉटच्या मर्यादा शोधायच्या, काम तेच. शिवाय पीसीने खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येते, त्यामुळे तुमचाही उकाडा कमी होतो.

कमाल मर्यादेचं विचाराल तर इंटेलच्या बहुतेक अलीकडच्या डेस्कटॉप प्रोसेसरची १०० अंश, रायझन ५००० मालिकेची ९० किंवा ९५, रायझन ७८००एक्स३डीची ८९. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, लगेच जळत नाही. भावाचं काम रखडत होतं ते यामुळेच. मी स्वतः मे महिन्याच्या दुपारी, तासभर कामानंतर, ८५ च्या आत असेल तर झाकण उघडतही नाही. नुसता ब्राउजर उघडल्यावर ४५ वरून ६० ला उडी मारली, तर तेही नेहमीचं आहे.

(स्क्रीनवर भावाच्या पीसीचा एक्सपोर्ट, कोपऱ्यात आकडा ७८.)

साफसफाई करणार असाल तर आज रात्रीच नेहमीचं काम अर्धा तास चालवा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून कॅबिनेटला आतून चिकटवा, तारखेसकट. याच्यात आम्ही चिकटवलाय, हा बघा.