पगाराची तारीख आणि संपाची तारीख

मित्रहो, दोन तारखांपासून सुरुवात करतो. 12 ऑगस्ट 1994 आणि 2 डिसेंबर 2021. पहिल्या तारखेला अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या खेळाडूंनी संप पुकारला. दुसऱ्या तारखेला त्याच लीगच्या मालकांनी टाळेबंदी जाहीर केली. संप ऐन हंगामात झाला, टाळेबंदी मात्र मैदानं ओस पडलेली असताना. असं का, हे नीट उलगडलं तर या भांडणांचा निम्मा उलगडा होतो.

अशा वेळी वर्तमानपत्रांत ठरलेलं वाक्य येतं: कोट्यधीशांचं आणि अब्जाधीशांचं भांडण, दोघंही हावरट. हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून काहीच कळत नाही. संप ऑगस्टमध्येच का, जूनमध्ये का नाही? तडजोड ठरावीक आठवड्यातच का होते? ही उत्तरं पगाराच्या वेळापत्रकात सापडतात.

बेसबॉलपटूला पगार मिळतो तो हंगामात, म्हणजे एप्रिलपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, महिन्यातून दोनदा. मालकाच्या पैशाची चाल वेगळी. तिकिटांचा पैसा हंगामभर येत राहतो, पण टीव्हीच्या पैशाचा मोठा भाग ऑक्टोबरच्या बाद फेरीवर अवलंबून असतो. त्या फेरीत खेळाडूंना पगार नसतो, काही सामन्यांच्या तिकीटविक्रीतला ठरलेला वाटा तेवढा मिळतो. आता 12 ऑगस्टचा हिशेब करा. खेळाडूंच्या खिशात सुमारे सत्तर टक्के पगार पडलेला, आणि मालकांची सर्वांत मोठी कमाई अजून पुढे. खेळाडूंना वर्षात याहून चांगला मुहूर्त सापडत नाही. आइस हॉकीच्या खेळाडूंनी 1992 मध्ये हेच केलं: 1 एप्रिलला, प्लेऑफ म्हणजे बाद फेरीच्या तोंडावर संप. तो दहा दिवसांत मिटला.

पण नुसता मुहूर्त चांगला म्हणून कोणी संप करत नाही. 1994 च्या संपामागे कायद्याची एक अडचण होती. अमेरिकेच्या 1935 च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याच्या चौकटीत, सामूहिक करार संपला तरी त्यातल्या पगार आणि कामाच्या अटी लगेच गळून पडत नाहीत. बोलणी चालू असेपर्यंत परिस्थिती ‘जैसे थे’ ठेवावी लागते. मात्र बोलणी खरोखरच कोंडीत सापडली, तर मालक आपला शेवटचा प्रस्ताव एकतर्फी लागू करू शकतो. बेसबॉलचा करार 31 डिसेंबर 1993 ला संपला होता, आणि मालकांना सॅलरी कॅप, म्हणजे प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा हवी होती. खेळाडू मुकाट्याने हंगाम पुरा खेळले असते, तर हिवाळ्यात मालकांनी कोंडी झाल्याचं जाहीर करून कॅप लावली असती. हिवाळ्यात खेळाडूंकडे रोखून धरण्यासारखं काहीच नसतं. म्हणून ऑगस्ट.

पुढे जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 14 सप्टेंबरला वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणारी अंतिम मालिका रद्द झाली. डिसेंबरमध्ये मालकांनी कॅप लादली, राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ मध्ये पडल्यावर ती मागे घेतली, पण पगार-लवाद (पगाराचा वाद तिऱ्हाइताने सोडवणं) आणि मोकळ्या, म्हणजे कोणत्याही संघाशी बांधील नसलेल्या खेळाडूंवरची बोली बंद केली. हंगामाआधीच्या वसंत शिबिरांत संपकऱ्यांच्या जागी बदली खेळाडू आणले. तेव्हा मंडळ न्यायालयात गेलं, आणि न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी 31 मार्च 1995 ला मनाईहुकूम दिला: जुने नियम परत आणा. 2 एप्रिलला, 232 दिवसांनी संप संपला. निकाल टिकला तो साध्या मुद्द्यावर. बोली आणि लवाद हे पगार ठरवण्याचे मार्ग आहेत, म्हणून त्यांच्यावर वाटाघाटी कराव्याच लागतात.

त्यानंतर अमेरिकेच्या चारही मोठ्या लीगमध्ये हंगाम रोखणारा खेळाडूंचा मोठा संप झालेला नाही. झाल्या त्या टाळेबंद्या: बास्केटबॉलमध्ये 1998 आणि 2011, हॉकीत 2004 आणि 2012, फुटबॉलमध्ये (म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये) 2011, बेसबॉलमध्ये 2021. मालक धडा शिकले. करार संपला की आपणच आधी दार बंद करायचं, म्हणजे ऑगस्टचा मुहूर्त खेळाडूंच्या हाती लागतच नाही. पहिला पगार बुडेपर्यंत टाळेबंदीचा खर्च जवळजवळ शून्य. तो बुडायला लागला की दर पंधरवड्याला दबाव खेळाडूंवर वाढतो, कारण त्यांची कारकीर्द छोटी असते. बुडालेलं वर्ष खेळाडूला परत मिळत नाही. मालकाचा संघ मात्र पुढेही तिथेच असतो.

तग धरायला दोन्ही बाजू आधीपासून साठा करतात. खेळाडूंची संघटना त्यांच्या छायाचित्रांच्या हक्कांतून येणारा पैसा वाटप न करता रोखून ठेवते. बेसबॉलच्या मालकांनी 1981 मध्ये लॉइड्स ऑफ लंडनकडून 5 कोटी डॉलरचा संप-विमा घेतला होता. तो संपत आला, आणि पन्नास दिवसांचा संप मिटला. हॉकीच्या तीस संघांनी 2004 च्या आधी प्रत्येकी 1 कोटी डॉलर बाजूला काढले होते. फुटबॉलच्या मालकांनी तर टीव्ही कंपन्यांशी असे करार केले की सामने झाले नाहीत तरी सुमारे 4 अब्ज डॉलर येत राहतील. मार्च 2011 मध्ये न्यायाधीश डेव्हिड डोटी यांनी ठरवलं की हे वागणं खेळाडूंशी झालेल्या कराराचा भंग आहे, कारण टीव्हीचं उत्पन्न दोघांसाठी जास्तीत जास्त मिळवण्याची जबाबदारी लीगची होती, आणि लीगने ते टाळेबंदीच्या विम्यासाठी वापरलं.

संप कसा फसतो हे पाहायचं तर फुटबॉलचं 1987 साल पाहा. मालकांनी एक आठवडा रद्द केला आणि पुढचे तीन आठवडे बदली खेळाडूंवर सामने खेळवले. ते सामने गुणतक्त्यात धरले, हीच त्यातली मेख. टीव्हीचा पैसा चालू राहिला आणि संपकऱ्यांचा प्रत्येक आठवड्याचा पगार बुडत गेला. जो मोंटाना आणि टोनी डॉर्सेट यांच्यासारखे खेळाडूही परतले. 24 दिवसांत संप मोडला. संघटनेने मग वेगळाच मार्ग घेतला. जोवर संघटना आणि मालक वाटाघाटीच्या नात्यात आहेत, तोवर मालकांच्या संयुक्त निर्बंधांना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण मिळतं. म्हणून 1989 मध्ये तिने संघटना या नात्यावरच पाणी सोडलं. 1992 मध्ये ज्युरीने निर्बंध बेकायदा ठरवले, आणि 1993 च्या तडजोडीत खेळाडूंना संघ बदलण्याची मुक्तता मिळाली, मालकांना कॅप. या कायद्याखाली नुकसानभरपाई तिप्पट होते, म्हणूनच हे शस्त्र नुसतं उगारलं तरी परिणाम होतो. बास्केटबॉलच्या खेळाडूंनी 14 नोव्हेंबर 2011 ला ते उगारलं, आणि 26 तारखेला करार झाला.

आता मुळाशी जाऊ. बेसबॉलच्या प्रमाणित करारात एक कलम होतं: खेळाडूने नवा करार केला नाही, तर संघ जुना करार त्याच अटींवर एका वर्षासाठी वाढवू शकतो. मालकांचं म्हणणं असं की, ‘त्याच अटी’ म्हटल्यावर त्यात हे वाढीचं कलमही आलंच. म्हणजे करार दरवर्षी स्वतःलाच वाढवत राहणार, आणि खेळाडू आयुष्यभर एकाच संघाला बांधलेला. कर्ट फ्लड या खेळाडूने या पद्धतीला आव्हान दिलं, 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. पण संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांनी 1970 च्या करारात तक्रारींसाठी निष्पक्ष लवाद मिळवून ठेवला होता. अँडी मेसरस्मिथ 1975 चा हंगाम सहीविना खेळला आणि तक्रार लवादासमोर गेली. 23 डिसेंबरला पीटर साइट्झ यांनी निकाल दिला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी साइट्झ यांना काढून टाकलं, निकाल मात्र न्यायालयातही टिकला.

यापुढचा भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. निकालाने दरवर्षी सगळेच खेळाडू मोकळे झाले असते. मिलर यांना तेच नको होतं. बाजारात दर हिवाळ्यात शेकडो खेळाडू आले तर भाव पडणार. म्हणून संघटनेने सहा वर्षं सेवा झाल्यावरच मोकळीक, ही अट मान्य केली. ती आजही आहे, आणि तिच्यातून आजचं भांडण जन्मलं. सेवेचं एक वर्ष म्हणजे 172 दिवस. शिकागो कब्जने 2015 मध्ये क्रिस ब्रायंटला 17 एप्रिलला मोठ्या संघात घेतलं. हंगामाअखेर त्याचे दिवस भरले 171. एका दिवसाने त्याची मोकळीक एक वर्ष पुढे गेली. 2020 मध्ये लवादाने त्याची तक्रार फेटाळली, कारण संघाच्या हेतूचा पुरावा देणं फार कठीण असतं. मार्च 2022 च्या करारात एवढं झालं, की नवोदिताच्या पुरस्कारासाठीच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्या खेळाडूला पूर्ण वर्ष मिळेल. बाकीच्यांची दिवसमोजणी चालूच आहे. हा मला अन्याय वाटतो. सहा वर्षं दिलेल्या माणसाला एका दिवसासाठी अडवून ठेवायचं, यात खेळाचं हित कुठे आहे?

उत्पन्नाच्या वाट्याचा हिशेब मात्र अनेकांना चुकीचा कळतो. समजा लीगचं उत्पन्न 100 आहे आणि खेळाडूंचा वाटा 50. खेळाडूंच्या सगळ्या करारांची बेरीज झाली 54. जादा 4 कुणाचे? म्हणून प्रत्येक पगारातून समजा 10 टक्के रक्कम ‘एस्क्रो’ म्हणजे तिऱ्हाइताकडे ठेवतात, म्हणजे 5.4. वर्षअखेर 4 मालकांना जातात, 1.4 खेळाडूंना परत येतात. करारावर लिहिलेला आकडा आणि हातात पडणारा आकडा यांतलं अंतर इथून येतं. हॉकीत हीच पद्धत 2005 पासून आहे: संबंध हंगाम, म्हणजे 1,230 सामने बुडाल्यावर खेळाडूंनी 24 टक्के पगारकपात आणि कॅप मान्य केली. महामारीत उत्पन्न कोसळलं तेव्हा 2020-21 साठी या कपातीची कमाल मर्यादा 20 टक्के ठरवावी लागली.

आणि ‘उत्पन्न’ कशाला म्हणायचं? स्टेडियमच्या नावाचे पैसे, खास कक्ष, वाहनतळ यांतलं काय धरायचं यावर रात्रीच्या रात्री जातात. बास्केटबॉलमध्ये नव्या संघांकडून मिळणारं प्रवेशशुल्क या व्याख्येत येत नाही. संघ विकून मिळालेला नफाही नाही. मालक ‘आम्हाला परवडत नाही’ असं शक्यतो म्हणत नाहीत, ‘आम्ही देणार नाही’ म्हणतात, कारण 1956 च्या ट्रुइट खटल्यापासून, असमर्थता सांगितली तर संघटनेला वह्या दाखवाव्या लागू शकतात. लोकांना दिसणारे हिशेब मोजकेच: शेअर बाजारात असलेल्या अटलांटा ब्रेव्हजचे, आणि चाहत्यांच्या मालकीच्या ग्रीन बे पॅकर्सचे.

बेसबॉलचा सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो. मागच्या वेळी त्या क्षणीच दारं बंद झाली, आणि 99 दिवसांनी, 10 मार्चला उघडली. तडजोड आणखी लांबली असती तर 162 सामने वेळापत्रकात बसवणं अशक्य झालं असतं, आणि खेळाडूंना पूर्ण पगारही मिळाला नसता. डिसेंबर आणि जानेवारीत दोन्ही बाजू निवेदनं काढतात. पहिला पगार एप्रिलच्या मध्याला असतो, आणि मार्चमध्ये त्याच्याकडे पाहत माणसं खरी आकडेमोड करतात.