दोरीच्या दुसऱ्या टोकाला

[दृश्य: निळ्या पाण्यात सरळ खाली गेलेली जाड दोरी. तिला बांधलेल्या पाट्या.]

१७ सप्टेंबर १९४७. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं तुलाँ. नौदलाच्या बोटीवरून एक दोरी थेट खाली सोडली आहे आणि तिला ठरावीक अंतरावर पाट्या बांधल्या आहेत. पाणबुड्यानं दोरीच्या आधारानं उतरायचं, जमेल तितक्या खोलच्या पाटीवर सही करायची आणि परत यायचं.

उतरणाऱ्याचं नाव मॉरिस फार्ग. वय चौतीस. जाक-ईव्ह कुस्तो, फिलिप तायेज, फ्रेडरिक द्यूमा या फ्रेंच पाणबुड्यांच्या तुकडीतला जुना, भरवशाचा गडी. पाठीवर अ‍ॅक्वालंग. कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी पाण्याखाली श्वास घ्यायचं हे उपकरण तयार केलं, त्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. माणूस साध्या हवेवर किती खोल जाऊ शकतो, ते या मंडळींना पाहायचं होतं. त्याच वर्षी द्यूमा ९४ मीटरपर्यंत जाऊन आला होता.

फार्गच्या अंगाला सुरक्षेची वेगळी दोरी आहे. थोड्या थोड्या वेळानं तो तिला हिसका देतो. अर्थ ठरलेला: सगळं ठीक.

या ‘सगळं ठीक’वर किती विसंबायचं, ते पुढे बघू. आधी हवेकडे वळू.

[दृश्य: टाकी भरली जात आहे. काट्याचा क्लोज-अप.]

टाकीत काही खास नसतं. आपण आत्ता घेतोय तीच हवा, ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के प्राणवायू. पण पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि टाकीतली हवा तोंडाशी सोडणारा रेग्युलेटर ती देतो भोवतीच्या दाबानं. ४० मीटरवर घेतलेल्या एका श्वासात वरच्यापेक्षा पाचपट नायट्रोजन असतो. जन्मभर नुसता आत-बाहेर करणारा हा निरुपद्रवी वायू तिथे भूल दिल्यासारखा मेंदूवर चढायला लागतो.

दाबाखालच्या हवेत माणसं उगाच खुशीत येतात, हे एकोणिसाव्या शतकातच दिसलं होतं. कुणी म्हणे भीतीमुळे होतं, कुणी म्हणे हवेतल्या भेसळीमुळे. १९३५ मध्ये अमेरिकी नौदलाचे डॉक्टर अल्बर्ट बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोजनवर बोट ठेवलं. फ्रेंच पाणबुड्यांनी मात्र या प्रकाराला ‘अथांग खोलीची नशा’ असं देखणं नाव दिलं. माझ्या मते जरा जास्तच देखणं.

[दृश्य: डायव्हरच्या मनगटावरचा खोली दाखवणारा संगणक.]

कारण प्रत्यक्षात ही नशा बरेचदा गंमतशीर नसतेच. ३० मीटरच्या आसपास ती सुरू होते. कुणाला हसू येतं, कुणाला विनाकारण धास्ती वाटते, आणि कुणाला काहीच वाटत नाही. हा तिसरा सगळ्यात धोक्याचा. तो मनगटाकडे बघतो. आकडा दिसतो: ४८. वाचतो. हात खाली घेतो. मग लक्षात येतं की आकडा पाहिला खरा, पण किती होता? पुन्हा बघतो. पुन्हा तेच. डोळे चालू आहेत, वाचता येतंय, फक्त वाचलेल्याचा अर्थ डोक्यात उतरत नाही. टाकीत हवा किती उरली, जोडीदार कुठे गेला, आपण वर निघालोय की खाली, हे प्रश्न पडायचेच बंद होतात.

पाश्चात्त्य डायव्हरांचा ठोकताळा आहे, दर दहा मीटरला रिकाम्या पोटी एक मार्टिनी. आपल्याला कळायला मार्टिनी नको. प्रत्येक पार्टीत एक जण असतोच, ‘मला अजिबात चढलेली नाही, चावी दे इकडे’ म्हणणारा. तो खोटं बोलत नसतो. चढली की नाही हे ज्या डोक्यानं ठरवायचं, त्यालाच ती चढलेली असते. पार्टीत निदान चावी काढून घेणारा कुणीतरी शुद्धीवर असतो.

आणि पुरावाही मागे राहत नाही. दहा-पंधरा मीटर वर या, झिंग उतरते. ना डोकेदुखी, ना हँगओव्हर. बोटीवर चढलेला माणूस प्रामाणिकपणे सांगतो, मला काही झालं नाही. १९६८ मध्ये बहामात दोघे अमेरिकी डायव्हर साध्या हवेवर १३३ मीटरपर्यंत जाऊन जिवंत परतले. त्या खोलीवर काय घडलं, ते दोघांनाही आठवेना.

(तारकर्लीला सुट्टीत डायव्हिंग करून आलेल्यांनी घाबरू नये. तिथली डुबकी इतकी उथळ असते की नायट्रोजनला संधीच मिळत नाही.)

[दृश्य: डोंगराच्या पायथ्याशी हिरवं, स्थिर पाणी.]

आता तुलाँच्या एक वर्ष मागे जाऊ. ऑगस्ट १९४६. फोंतेन द वोक्लूझ, डोंगराच्या पोटातून उगवणारा अतिशय खोल झरा. कुस्तो आणि द्यूमा आत उतरले होते आणि वर दोरी धरून बसला होता हाच फार्ग. खुणा ठरलेल्या: तीन हिसके म्हणजे दोरी सोडा, सहा हिसके म्हणजे लगेच वर ओढा.

सुमारे ४५ मीटरवर, अंधारात, दोघांची डोकी चालेनाशी झाली. नशा म्हणावी, तर इतकी कशी? कारण पुढे सापडलं. टाक्या भरताना कॉम्प्रेसरनं आपलाच धूर आत ओढला होता. टाकीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होता. द्यूमा जवळजवळ निकामी झाला. कुस्तो दोरी ओढू लागला, तर वरून आणखी दोरी येत राहिली. फार्गला वाटलं, यांना अजून खोल जायचंय. सहा हिसक्यांची खूण कुस्तोला अखेर आठवली, तेव्हा कुठे फार्गनं दोघांना ओढून काढलं. दोघे वाचले ते त्याच्यामुळे.

[दृश्य: समुद्रातलं तेलक्षेत्र, डायव्हिंगचं जहाज.]

नायट्रोजनवरचा उपाय तेव्हाही माहीत होता: हेलियम. १९३९ मध्ये ‘स्क्वालस’ ही बुडालेली अमेरिकी पाणबुडी ७० मीटरहून अधिक खोलीवरून वर काढताना नौदलाच्या डायव्हरांनी हेलियम आणि प्राणवायूचं मिश्रण वापरलं. आज आपल्या मुंबई हायवर तेलाच्या नळांवर काम करणारे सॅच्युरेशन डायव्हर, म्हणजे दिवसच्या दिवस दाबाखालीच राहणारे डायव्हरही त्यावरच श्वास घेतात. आवाज कार्टूनसारखा चिरका होतो, डोकं जागेवर राहतं. पण हेलियम महाग. हौशी डायव्हर साध्या हवेवरच जातो, म्हणून त्याला ४० मीटरची मर्यादा घालून दिलेली असते. कुठून परत फिरायचं, ते बोटीवर, कोरड्या डोक्यानं ठरवून जायचं. खाली गेल्यावर फेरविचार करायचा नाही.

[दृश्य: पुन्हा तुलाँ. हातातून सरकणारी दोरी.]

१७ सप्टेंबर. या वेळी दोरीच्या खालच्या टोकाला फार्ग आहे. हिसके येत आहेत. सगळं ठीक. सगळं ठीक. सुमारे तीन मिनिटांनी ते थांबतात.

तायेज ओढायचा हुकूम देतो. तुकडीतला झाँ पिनार पाण्यात उडी घेऊन सामोरा जातो. ४५ मीटरवर त्याला फार्ग दिसतो. श्वासाची नळी तोंडातून सुटून छातीवर लोंबते आहे.

बारा तास प्रयत्न चालले. फार्ग शुद्धीवर आला नाही. अ‍ॅक्वालंग लावून मेलेला तो पहिला पाणबुड्या मानला जातो. तो गेला होता तितक्या खोलवर नुसता नायट्रोजनच नाही, हवेतला प्राणवायूसुद्धा विषारी होतो, झटके आणू शकतो. नळी नेमकी कशानं सुटली, हे सांगायला तो उरला नाही.

सही हाताला पाठ असते. बँकेत, पावतीवर, बोलता बोलता आपण ती ठोकतो. डोकं लागत नाही. हिसका द्यायला तर त्याहूनही कमी.

[दृश्य: पाण्याबाहेर येणाऱ्या पाट्या, एकामागून एक.]

सुमारे १२० मीटरवरच्या पाटीवर फार्गची सही होती.